लेकरू पाणीच पीत नाही? आधी त्याच्या पोटात दुसरं काय जातंय ते बघा

परतूर : उन्हाळा लागला की आष्टी असो, वाटूर असो की सातोना, आयाबायांची एक तक्रार हमखास ऐकू येते. "लेकरू पाणीच पेत नाही हो." दीड-दोन वर्षांचं लेकरू असतं. ग्लास तोंडाला लावला की मान फिरवतं, जास्त आग्रह केला की ग्लास उडवून लावतं. घरचे म्हणतात, हट्टी आहे. हट्ट असतोच, पण बऱ्याचदा पोट दुसऱ्याच कशाने तरी भरलेलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याच घरी हे झालं. धाकट्या भावाचा पोरगा, वय पावणेदोन वर्षं. लग्नसराईत दोन दिवस पाहुण्यांच्या कडेवर फिरला. कुणी रंगीत थंडा पाजला, कुणी चहात बिस्कीट बुडवून दिलं. पाणी तो मागत नव्हता म्हणून कुणी दिलं नाही. रात्री पोट बिघडलं, पाच-सहा जुलाब झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी आई म्हणाली, "आरं, सकाळपासून ह्यानं शूच केली नाही की!" तेव्हा आमचे डोळे उघडले.

मी मेडिकलवरून मोठ्या अक्षरात ओआरएस लिहिलेला गोड रसाचा खोका घेतला आणि आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तो खोका बाजूला ठेवायला लावला. त्यात साखर जास्त असते आणि जास्त साखरेने जुलाब वाढतात. आम्ही सलाईनच्या मागे लागलो, तर त्यांनी भावजयीच्या हातात वाटी-चमचा दिला. पाकिटातलं साधं ओआरएस, दर एक-दोन मिनिटाला एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि परत हळूहळू सुरू करायचं. संध्याकाळी पोराने माझ्या मांडीवरच शू केली. पँट भिजल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. सलाईन लागलं नाही.

त्या खोक्यांबद्दल एक सांगायला पाहिजे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अनेक वर्षं हा विषय लावून धरला. शेवटी ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने आदेश काढला, की जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणात नसलेल्या पेयावर ओआरएस हे नाव टाकायचं नाही. तरी घेताना पाकीट वाचा. खऱ्या ओआरएसचं एक लिटरचं पाकीट 20.5 ग्रॅमचं असतं. ते पूर्ण पाकीट उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात टाकायचं. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात असा अंदाज करू नका. 200 मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून किती पाण्यासाठी आहे ते बघून घ्या. कालवलेलं पाणी 24 तासांनंतर फेकून द्या. दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली, त्यापुढच्याला 100 ते 200 मिली. आशाताईकडे, उपकेंद्रात पाकिटं मोफत असतात, झिंकच्या गोळ्याही तिथंच विचारा. मात्र ओआरएस हे जुलाबाचं औषध आहे, ते रोज पाजायचं सरबत नाही.

आता रोजचं. एक ते तीन वर्षांच्या लेकराला दिवसाला साधारण सव्वा लिटर पातळ लागतं. ऐकून घाबरू नका. त्यात दूध, वरण, ताक, फळातलं पाणी, सगळं आलं. ऊन जास्त असेल, लेकरू आखाड्यावर सोबत असेल, तर थोडं वाढवायचं. दूध मात्र दिवसाला अर्ध्या लिटरच्या आतच ठेवा. काही घरी दोन-दोन बाटल्या दूध पाजून वर म्हणतात, हे जेवतही नाही आणि पाणीही पीत नाही. जागाच कुठं राहते? चहा तर बंदच करा. तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही.

पाणी पाजायची वेळ ठरवण्यापेक्षा घोट-घोट देत राहणं जमतं. उठल्यावर, खेळून आल्यावर, जेवताना. ह्या वयात नक्कल फार असते. आमचा पोरगा स्वतःच्या ग्लासाला हात लावत नव्हता, पण आजोबांनी तांब्या उचलला की धावत जायचा. मग एक छोटं फुलपात्र त्याचंच म्हणून ठेवलं. तो सांडतो, सांडू द्या. नाक दाबून, आडवं पाडून पाजू नका, ठसका लागतो आणि पाण्याची भीती बसते.

वासाकडेही लक्ष द्या. टँकरच्या पाण्यात टीसीएल जास्त पडलं की मोठ्यांनाही ते नकोसं होतं. असं पाणी उकळून माठात ठेवलं की वास जातो. माठावर झाकण ठेवा आणि पाणी वगराळ्याने घ्या, हात बुडवू नका.

साधं पाणी नकोच असेल तर पातळ ताक, वरणाचं पाणी, भाताची पेज, काकडी, टरबूज चालतं. मोसंबी तर आपल्या जालन्याची, भौगोलिक मानांकन मिळालेली. पण रस काढून भरपूर पाजण्यापेक्षा बिया आणि साल काढून बारीक तुकडे द्या.

सहा महिन्यांखालच्या बाळाला कितीही ऊन असलं तरी वरचं पाणी नको, घुटीही नको. आईचं दूध पुरतं, फक्त जास्त वेळा पाजा आणि आईनं स्वतः भरपूर पाणी प्यावं.

सहा-आठ तास शू नाही, लघवी गडद पिवळी, रडताना डोळ्यात पाणी नाही, डोळे खोल गेलेत, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू परत जाते, लेकरू मलूल पडलंय किंवा काही पीतच नाही, शौचात रक्त आहे, उलट्या थांबत नाहीत, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा परतूरचं ग्रामीण रुग्णालय गाठा. गाडी नसेल तर 108 लावा, आणि लेकरू शुद्धीत असून गिळत असेल तर वाटेत चमच्याने पाजणं सुरू ठेवा.