वटारलेल्या डोळ्यांची मैना

नानचांग : जिआंगशी प्रांताच्या या राजधानीत चिंगयुनपू नावाचा जुना ताओ मठ आहे. १९५९ पासून तिथे बादा शानरन या चित्रकाराचे स्मारक-संग्रहालय आहे. त्याच्या चित्रांत बहुतेक कागद कोराच असतो. कोपऱ्यात एखादा खडक आणि त्यावर एका पायावर उभी मैना. अंग चोरलेले, पण डोळे वटारलेले. बुबुळ पार वरच्या कडेला चिकटलेले. काळ्या रंगाची, चोचीवर तुरा असलेली ही चिनी मैना आपल्या साळुंकीच्याच कुळातली. विश्रांतवाडीच्या तारांवर भांडणाऱ्या साळुंक्या रोज पाहणाऱ्याला तिचा हा रागीट तोरा ओळखीचा वाटेल.

फुले-पक्षी हा चिनी चित्रकलेतला एक स्वतंत्र प्रकार. दहाव्या शतकात शू राज्याच्या दरबारातल्या हुआंग छुआनने पक्षी, किडे आणि कासवे असे २४ जीव एकाच रेशमी पटावर रेखले. मुलाला गिरवायला दिलेला तो कित्ता आज बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. पुढे सोंग घराण्याचा सम्राट ह्वीझोंग याने या कलेला राजाश्रय दिला. मोर उंचावर चढताना आधी कोणता पाय उचलतो, यावरून त्याने दरबारी चित्रकारांची फजिती केल्याची गोष्ट चीनमध्ये अजून सांगतात. (उत्तर : डावा.) मोराच्या पायावर नजर ठेवणाऱ्या या राजाची राजधानी मात्र उत्तरेकडून आलेल्या जुर्चेन लोकांनी जिंकली. ११२७ मध्ये त्याला कैद करून उत्तरेकडे नेले आणि ११३५ मध्ये तो तिथेच वारला.

बादाची तऱ्हा उलटी. तो १६२६ च्या सुमारास मिंग राजघराण्यात जन्मला. १६४४ मध्ये बीजिंग पडले, मांचू आले. राजवंशातल्या माणसाला जीव वाचवायचा तर लपणे भाग होते. १६४८ मध्ये तो बौद्ध भिक्षू झाला. मध्यंतरी त्याला वेडाचे झटके आले. त्याने दारावर ‘मुका’ असे लिहिले आणि बोलणेच सोडले, असे जुने चरित्रकार सांगतात.

मग पक्षी बोलू लागले.

दरबारी चित्रकार तुरटी लावलेल्या रेशमावर किंवा कागदावर बारीक रेघ ओढून रंगाचे थर चढवीत. बादाने तुरटी न लावलेला कागद घेतला. आन्हुईतला शुआन कागद झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून बनतो. काजळी आणि सरस यांची शाई त्यावर टेकताच पसरते. खोडता येत नाही, वरून गिरवता येत नाही. कुंचल्यात पाणी किती आणि शाई किती, हे कागदाला लावण्याआधीच ठरलेले हवे. मैनेचे पोट एका ओल्या फटकाऱ्यात, चोच कोरड्या टोकाने, आणि शेवटी डोळ्यातला तो ठिपका. ह्वीझोंगच्या पक्ष्यांचे पीस न् पीस मोजता येते. तरीही जिवंत वाटतो तो बादाचाच पक्षी.

बादा १७०५ मध्ये वारला. नानचांगला येणे जमत नसेल, तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्याची कमळतळ्यातल्या पक्ष्यांची गुंडाळी विनामूल्य पाहता येते. चित्र मोठे करून आधी डोळे पाहावेत.