प्रसंग आणि अक्षर

भोकरदन तालुक्यांतील जाळीचा देव हें महानुभावांचें तीर्थ. चक्रधरस्वामी उत्तरेस निघून गेल्यावर शिष्यांपाशीं उरलीं तीं त्यांचीं वचनें. केशिराजबासांनीं त्यांचा सूत्रपाठ सिद्ध केला. परंतु सुटें सूत्र मुकें. म्हणून ‘प्रकरणवशा’नें तें कोणास, कोणत्या प्रसंगीं सांगितलें हें नोंदविलें.

इ. स. ७० सालीं रोमनांनीं जेरुसलेमचें मंदिर पाडिलें, तेव्हां यहुदी रब्बींनाही ग्रंथाचाच आधार राहिला. त्यांच्या ‘मिद्राश’ टीकेनें अक्षरांचे आकारही बोलते केले. तोरा हा त्यांचा धर्मग्रंथ ‘बेथ’ या दुसऱ्या अक्षरानें आरंभतो. तें तीन बाजूंनीं बंद, वाचनाच्या दिशेस उघडें: सृष्टीपूर्वीचें विचारूं नये, पुढचें पाहावें, असा अर्थ त्यांनीं काढिला.

एकांनीं प्रसंग शोधिला, दुसऱ्यांनीं अक्षर. हेतु एकच, आधार गेला तरी वाणी जिवंत राहावी.