आंत्रसूक्ष्मजीव व प्रयोगशाळेतील उंदीर
प्राण्यांच्या आतड्यात वास करणाऱ्या सूक्ष्मजंतू, यीस्ट, व्हायरस इ. जीवांच्या समुदायाला आंत्रसूक्ष्मजीव म्हणतात. अन्नाचे पचन आणि विशेषतः प्रतिरक्षा यंत्रणेची (रोगप्रतिकार करणाऱ्या यंत्रणेची) घडण यांवर त्यांचा मोठा प्रभाव पडतो. त्यामुळे उंदरांवरील वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष कितपत विश्वसनीय आहेत, हा प्रश्न त्यांच्याशी निगडित झाला आहे.

आनुवंशिक दृष्ट्या एकसारखे उंदीर मिळावेत म्हणून सख्ख्या भावंडांचे पिढ्यान्‌पिढ्या प्रजनन करून शुद्ध वाण तयार करतात. सी५७ब्लॅक/६ हा अतिशय प्रचलित वाण क्लॅरेन्स कुक लिट्ल यांनी १९२१ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या वंशावळीतून निघाला. वाण एक म्हणजे प्राणीही एक, असे पुढे बराच काळ गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात जीन सारखे असले, तरी आतड्यातील वस्ती पुरवठादार, खाद्य, पिंजऱ्यातील भुसा यांप्रमाणे बदलते. शिवाय उंदीर एकमेकांची विष्ठा खातात; त्यामुळे एका पिंजऱ्यातील उंदरांची वस्ती सारखी होत जाते, तर शेजारच्या पिंजऱ्यातील वेगळी राहू शकते. औषध दिलेले सर्व उंदीर एका पिंजऱ्यात व न दिलेले दुसऱ्यात ठेवले, तर दिसलेला फरक औषधाचा की पिंजऱ्याचा, हे सांगता येत नाही.

न्यूयॉर्क विद्यापीठातील डॅन लिटमन व त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये याचे ठळक उदाहरण दाखविले. टॅकॉनिक या पुरवठादाराच्या उंदरांच्या लहान आतड्यात टीएच-१७ या लसीका कोशिका विपुल होत्या. जॅक्सन प्रयोगशाळेकडून आलेल्या त्याच वाणाच्या उंदरांत त्या फार थोड्या होत्या. कारण ठरला एक खंडित तंतुरूप सूक्ष्मजंतू. २०१५ मध्ये शिकागो विद्यापीठातील संशोधकांना मेलॅनोमा या कर्करोगाची अर्बुदे जॅक्सनच्या उंदरांत अधिक सावकाश वाढताना आढळली. दोन्हीकडचे उंदीर एकत्र ठेवल्यावर हा फरक नाहीसा झाला.

अतिस्वच्छतेचा प्रश्न याहून गंभीर आहे. टीजीएन १४१२ हे प्रतिपिंड प्राण्यांवरील चाचण्यांत (यांत माकडेही होती) निर्धोक वाटले होते. मात्र मार्च २००६ मध्ये लंडन येथे ते दिलेले सहाही निरोगी स्वयंसेवक अत्यवस्थ झाले. ते सर्व वाचले. अमेरिकेतील स्टेफान रॉसहार्ट, बार्बरा रेहरमान इत्यादींनी २०१९ मध्ये सी५७ब्लॅक/६ वाणाचे भ्रूण रानटी उंदरांच्या माद्यांत रोवले. जन्मलेल्या पिलांचे जीन प्रयोगशाळेतील वाणाचे, पण सूक्ष्मजीव मातेकडून आलेले रानटी होते. त्याच प्रकारचे प्रतिपिंड दिल्यावर या उंदरांत माणसांप्रमाणे तीव्र दाहक प्रतिक्रिया उमटली. नेहमीच्या उंदरांत ती उमटली नाही.

म्हणून सर्वत्र रानटी सूक्ष्मजीवच वापरावेत, असे मात्र नव्हे. एखाद्या विशिष्ट सूक्ष्मजंतूचे कार्य शोधावयाचे असता जंतुरहित उंदीरच उपयोगी पडतात. इतर प्रयोगांत एकाच वेतातील पिले दोन्ही गटांत विभागणे, पिंजऱ्यांतील भुसा परस्परांत मिसळणे आणि वाणाबरोबरच पुरवठादार व खाद्य यांची नोंद प्रसिद्ध करणे, हे उपाय योजले जातात. ते स्वस्त आहेत. तरी सर्रास पाळले जात नाहीत.