पृथ्वीचे दफ्तर

दफ्तर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मोडीतले कागद आणि ते बांधून ठेवलेले रुमाल उभे राहतात. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या वेशीवरच्या बुलोन या उपनगरात एका पेढीवाल्याने वेगळ्याच प्रकारचे दफ्तर उभारायला घेतले. त्यात कागदांच्या जागी काचा होत्या. तळहाताहून किंचित मोठी, नऊ गुणिले बारा सेंटिमीटरची काच उजेडापुढे धरली की तीत मंगोलियातला लामा, आयर्लंडमधली कोळीण, काशीचा घाट किंवा आथोस पर्वतावरचा ख्रिस्ती संन्यासी दिसत असे, आणि तोही रंगांत. या पेढीवाल्याचे नाव आल्बेर कान. त्याने आपल्या संग्रहाला जे फ्रेंच नाव दिले त्याचे सरळ मराठी 'पृथ्वीचे दफ्तर' असेच होईल.

प्रवासात फोटो काढणे ही आज इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट आहे, की परक्या मुलुखाचे, परक्या माणसाचे आणि परक्या देवस्थानाचे चित्र आपण कोणत्या नात्याने घेतो, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. कानच्या दफ्तरात तो पावलोपावली येतो, म्हणून शंभर वर्षांनंतरही ते पुन्हा उघडून पाहण्यासारखे आहे.

कानचा जन्म १८६० साली आल्सास प्रांतातल्या एका ज्यू कुटुंबात झाला. वडील गुरांचे व्यापारी. १८७०-७१च्या युद्धानंतर आल्सास जर्मनीच्या ताब्यात गेला. पोर कान पुढे पॅरिसला आला, एका पेढीवर नोकरीला लागला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्या-हिऱ्यांच्या खाणींच्या व्यवहारात गबर झाला. अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी त्याने एक तरुण शिक्षक ठेवला होता. हा शिक्षक म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ. दोघांची मैत्री जन्मभर टिकली. देशादेशांनी एकमेकांना नीट पाहिले तर युद्धे टळतील, अशी कानची भाबडी म्हणावी इतकी पक्की श्रद्धा होती. तिच्यापोटी १८९८ साली त्याने तरुण शिक्षकांना जगप्रवासासाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. १९०८च्या नोव्हेंबरात तो स्वतः जगप्रदक्षिणेला निघाला. बरोबर होता त्याचा मोटारचालक आल्फ्रेड द्युतेर्त्र. निघण्यापूर्वी कानने त्याला फोटोग्राफी शिकवून घेतली होती. अमेरिका, जपान, चीन करून दोघे १९०९च्या मार्चमध्ये परतले, तेव्हा दफ्तराची कल्पना पक्की झाली होती.

१९१२ साली झां ब्रून हा भूगोलाचा अभ्यासक या कामाचा संचालक झाला. पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये त्याच्यासाठी मानवी भूगोलाचे अध्यासन कानच्याच पैशातून निर्माण झाले. जगण्याच्या ज्या रीती आज ना उद्या लोपणार आहेत त्यांची एकदाच, कायमची नोंद करून ठेवायची, हा हेतू होता. १९३१पर्यंत हे काम चालले. पन्नासएक देशांतून सुमारे ७२,००० रंगीत काचा आणि शंभरएक तास चालेल इतकी चलच्चित्रे गोळा झाली.

या दफ्तराला काय दिसले आणि काय दिसले नाही, हे समजून घ्यायचे तर ती काच कशी बनत असे हे आधी पाहायला हवे. चलच्चित्रामुळे ठाऊक असलेल्या ल्युमिएर बंधूंनी १९०७ साली 'ऑटोक्रोम' नावाची रंगीत फोटोची काच बाजारात आणली. तिचे रहस्य बटाट्यात होते. बटाट्याच्या स्टार्चचे अतिसूक्ष्म कण तीन वाट्यांत विभागून नारिंगी, हिरव्या आणि जांभळट-निळ्या रंगांत रंगवीत. मग ते एकत्र मिसळून काचेवर एका थरात पसरत. एका चौरस मिलिमीटरमध्ये असे सुमारे सात हजार कण बसत. मधल्या फटींत कोळशाची पूड भरत. त्यावर रोगण आणि रोगणावर प्रकाशाला संवेदनशील असा काळ्या-पांढऱ्या फोटोचा पातळ लेप देत.

कॅमेऱ्यात काच उलटी बसवीत, म्हणजे उजेड आधी रंगीत कणांतून गाळून येई आणि मग लेपावर पडे. लाल पागोट्यावरून आलेला उजेड नारिंगी कणांतून पार होई, हिरव्या कणांपाशी अडे. काच धुताना रसायनांनी चित्र उलटवून सुलट केले की जिथून उजेड आत आला होता तिथले कण उघडे राहत आणि बाकीचे काळ्या थराआड झाकले जात. पाहणाऱ्याच्या डोळ्यात हे ठिपके एकमेकांत मिसळून पुन्हा लाल पागोटे तयार होई. म्हणून या चित्रांचा पोत रांगोळीसारखा आहे. जवळून पाहिले तर कणच कण, दूर गेले की आकृती.

या पद्धतीचे तीन परिणाम झाले. पहिला असा, की प्रत्येक काच एकमेव होती. तिला निगेटिव्ह नव्हती, त्यामुळे सहजी प्रती काढता येत नसत. दुसरा असा, की ती उजेडापुढे धरून किंवा पडद्यावर टाकूनच पाहावी लागे. तिसरा परिणाम सर्वांत दूरगामी होता. रंगीत कण बराचसा उजेड गिळून टाकत, म्हणून भर उन्हातही चित्र उमटायला सेकंदभर किंवा त्याहून जास्त वेळ लागे. तेवढा वेळ समोरच्याने निश्चल राहायचे.

आता काशीचा विचार करा. कानचा छायाचित्रकार स्तेफान पासे १९१३च्या अखेरीस मुंबईत उतरला आणि पुढच्या जानेवारीत काशीला पोचला. त्याच्या काचांत घाटाच्या पायऱ्या आहेत, छत्र्या आहेत, देवळांची शिखरे आहेत, स्थिर बसलेली माणसे आहेत. पण काशी म्हणजे हालचाल. बुडी मारून वर येणारे अंग, अर्घ्यातून सांडणारे पाणी, हलणारी घंटा यांतले काहीही रंगीत काचेला पकडता येत नव्हते. जे हलले ते धूसर झाले. हालचालीसाठी चलच्चित्राचा कॅमेरा होता, पण तो काळा-पांढरा. त्यामुळे दफ्तरात जगाची विचित्र वाटणी झाली: रंग आहे तिथे गती नाही, गती आहे तिथे रंग नाही.

देवस्थानांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती, ती अंधाराची. आपल्याकडे देव गाभाऱ्यात असतो आणि गाभाऱ्यात समईचा उजेड असतो. परक्या धर्माच्या माणसाला तिथवर प्रवेश मिळणे मुळातच अवघड. मिळाला असता तरी तेवढ्या उजेडात ऑटोक्रोमने काही टिपणे जवळपास अशक्य होते. म्हणून पवित्र स्थळांच्या या संग्रहात बाहेरच्या गोष्टी भरपूर सापडतात: दारे, ओसऱ्या, भिंती, शिखरे, दारात बसलेले पुजारी आणि भिक्षू. ज्याच्यासाठी माणसे तिथवर चालत आली, ते सहसा नाही. धर्म म्हणजे वास्तू आणि वेश, ही प्रवासी छायाचित्रणाची समजूत काही अंशी काचेच्या मंद गतीतून आलेली आहे. पुढे काचा गेल्या, वेगवान फिल्म आल्या, पण नजर बरीचशी दारातच घोटाळत राहिली.

या मंदपणाची एक चांगली बाजूही होती. तिकाटण्यावर मोठा कॅमेरा लावून, समोरच्याला न हलण्याची विनंती करून काढलेले चित्र चोरून काढता येत नाही. कानच्या काचांतली माणसे बहुतेक वेळा सरळ कॅमेऱ्याकडे पाहतात. त्यांनी उभे राहणे पत्करलेले असते. १९१३ साली मार्गरीत मेस्पुले आणि मादलेन मिन्यों या दोन तरुण फ्रेंच स्त्रिया आयर्लंडमध्ये हिंडल्या. गॅलवेजवळच्या क्लाडा या कोळीवाड्यातल्या बायका त्यांच्यापुढे ज्या आत्मविश्वासाने उभ्या राहिल्या आहेत, त्यात पाहणाऱ्याइतकाच पाहिले जाणाऱ्याचाही वाटा आहे. मात्र उभे राहायला होकार देणे म्हणजे आपल्या चित्राला पुढे जो अर्थ चिकटेल त्यालाही होकार देणे नव्हे. त्या अर्थावर चित्रातल्या माणसाचा हक्क जवळपास शून्य होता.

तो अर्थ ठरवण्यात ब्रूनच्या भूगोलाचा मोठा हात होता. माणसाने जमिनीवर उमटवलेल्या खुणा म्हणजे घरे, रस्ते, शेते, गुरे, खाणी हा त्याच्या शास्त्राचा विषय. म्हणून छायाचित्रकारांनी स्थळ आणि तारीख काटेकोरपणे टिपली. माणसांची नावे मात्र बहुतेक ठिकाणी नाहीत. राजे आणि पाहुणे नावानिशी येतात, विणकर आणि भिक्षू केवळ विणकर आणि भिक्षू म्हणून येतात. आपल्या मोडी दफ्तरात एखाद्या खेड्यातला पाटील, कुलकर्णी किंवा फिर्याद घेऊन आलेली विधवा नावानिशी भेटते. कागद सारा मागतो, वाद तोडतो, त्यासाठी त्याला नाव लागते. कानच्या काचेला नमुना हवा होता आणि नमुन्याला नाव लागत नाही. शिवाय हे छायाचित्रकार जिथे आगबोट, रेल्वे आणि युरोपियनांची सत्ता किंवा वकिलात पोचली होती, मुख्यतः तिथेच पोचले. इंडोचायनातल्या शेकडो काचा काढणारा लेऑं ब्युसी हा तर फ्रेंच लष्कराच्या पुरवठा खात्यातला अधिकारी होता.

मग हे दफ्तर साम्राज्याचा अल्बम म्हणून बाजूला ठेवावे काय? दोन उदाहरणे तसे करू देत नाहीत.

पहिले मंगोलियाचे. १९१३ साली पासे उर्गा येथे पोचला. हेच आजचे उलानबातर. तिथल्या बौद्ध मठांची आणि लामांची रंगीत चित्रे त्याने घेतली. हे जग आधुनिकतेच्या रेट्याने हळूहळू विरेल, अशी कान-ब्रून यांची अटकळ होती. प्रत्यक्षात ते विरले नाही, मारले गेले. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात साम्यवादी राजवटीने हजारो लामांना ठार केले आणि देशातले बहुतेक सगळे मठ पाडले. जुन्या रीती आपोआप लोपतात, हे गृहीतच इथे खोटे ठरले. पण नष्ट करणाऱ्यांना साक्षीदार नको असतात, आणि पासेच्या काचा साक्षीदार होऊन बसल्या. ज्या हेतूने चित्र घेतले त्याहून मोठे काम चित्राने केले.

दुसरे उदाहरण दाहोमीचे, म्हणजे आजच्या बेनिनचे. फ्रान्सिस ओपिए हा कॅथलिक मिशनरी तिथे अनेक वर्षे राहिला होता. धर्मांतर हेच त्याचे काम, पण ज्यांना आपला धर्म द्यायचा त्यांचा धर्म आधी समजून घेतला पाहिजे, असे त्याला वाटे. १९३० साली त्याने कानच्या मदतीने आणि फ्रेदेरिक गादमेर या छायाचित्रकाराला बरोबर घेऊन तिथल्या व्होदून पंथाचे विधी टिपले. त्यात तुच्छता नव्हती. कदाचित म्हणूनच त्याच्या धर्मसंघातल्या वरिष्ठांना ते रुचले नाही. मूर्तिपूजकांच्या विधींत खरी भक्ती आहे असे दाखवणे मिशनच्या पायालाच धक्का देणारे होते. दारात थांबलेल्या साऱ्या छायाचित्रकारांत, दाराच्या आत जाण्याच्या सर्वांत जवळ पोचलेला माणूस प्रवासी नव्हता, तर त्या गावात राहिलेला, तिथली भाषा जाणणारा होता. कॅमेरा तोच, काचही तीच. फरक मुक्कामाच्या लांबीचा होता.

शेवटी प्रश्न उरतो, ही चित्रे पाहिली कोणी? कान ती जाहीरपणे फारशी दाखवत नसे. बुलोनच्या त्याच्या घरी विद्वान, मुत्सद्दी, लेखक येत. त्यांना पडद्यावर दाखवी. रवींद्रनाथ टागोर तिथे राहून गेले आणि १९२१ साली त्याच बागेत त्यांची स्वतःची रंगीत चित्रे निघाली. पाहुणे थोर होते, पण चित्रांतल्या हजारो माणसांपैकी फारच थोड्यांना आपली काच कधी पाहायला मिळाली असेल. जगाची ओळख जगाला करून द्यायला निघालेले दफ्तर एका दिवाणखान्यापुरते राहिले. १९२९च्या आर्थिक कोसळीत कानची पेढी बुडाली. काम थांबले, मालमत्ता गेली, आणि १९४०च्या नोव्हेंबरात, नाझी फौजा पॅरिसमध्ये असताना, हा ज्यू पेढीवाला बुलोनमध्ये निवर्तला. देशांनी एकमेकांना पाहिले की युद्धे टळतील ही त्याची श्रद्धा दोन महायुद्धांनी मोडीत काढली. गंमत अशी, की जगाचे चित्र घेणाऱ्या या माणसाला स्वतःचे चित्र काढून घेणे आवडत नसे. त्याची छायाचित्रे मोजकीच आहेत. नकार देण्याची सोय त्याला होती.

काचा मात्र वाचल्या. बुलोनमध्ये आज त्यांचे संग्रहालय आहे आणि त्यांतला मोठा भाग आंतरजालावर कोणालाही पाहता येतो. म्हणजे शंभर वर्षांनी का होईना, काशीच्या घाटाचे चित्र काशीत आणि क्लाडाचे क्लाडात पोचू शकते. एखाद्या चेहऱ्याला नाव देणारे कोणी अजूनही भेटू शकते. आपल्याकडे वारीच्या वाटेवर, कुंभात, आदिवासी पाड्यांवर आज लाखोंनी चित्रे निघतात. सेकंदाच्या हजाराव्या भागात निघतात, त्यामुळे समोरच्याला थांबायची विनंतीही करावी लागत नाही. यंत्राने पूर्वी लादलेली सभ्यता आता आपली आपणच पाळायची आहे: विचारून चित्र घेणे, नाव लिहून घेणे, घेतलेले चित्र ज्याचे त्याला परत पोचवणे. यांतले पहिले कानच्या माणसांना यंत्रामुळे पुष्कळदा करावे लागले. उरलेली दोन राहून गेली. आपल्या खिशातल्या यंत्राला ती दोन्ही सहज करता येतात.