कुळागर केवळ पोफळींचे नव्हे

फोंडा, सत्तरी, सांगे वा काणकोण तालुक्यातील एखाद्या जुन्या कुळागरात वैशाखाच्या भर दुपारी पाऊल टाकावे. बाहेर माथा तापविणारे ऊन आणि आत पाटाच्या पाण्याचा गारवा. नवख्याला तेथे नुसती दाटी दिसते. परंतु ज्याच्या घराण्याने ते कुळागर पिढ्यान्‌पिढ्या शिंपले, त्याला ठाऊक असते की, तेथले बहुतेक झाड कोणत्या तरी दुसऱ्या झाडाच्या उपयोगी पडत आहे.

१९७८ साली ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी 'पर्माकल्चर' या शाश्वत शेतीरचनेचा विचार ग्रंथरूपाने मांडला. परस्परांस पूरक अशा वनस्पतींच्या समूहास त्या शास्त्रात 'गिल्ड' म्हणतात. प्राचीन काळी आपल्याकडे कारागिरांच्या संघास 'श्रेणी' म्हणत, तोच हा भाव. अमेरिकेतील मूळ रहिवासी मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावीत आले. मका घेवड्याच्या वेलास आधार देतो, घेवड्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात आणि भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकून ओल राखतात.

आमच्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होते, अशी फुशारकी मारण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. फुशारकीने बाग शिंपली जात नाही. पण कुळागरातील व्यवस्था नीट पाहावी, एवढे मात्र आम्ही जरूर म्हणू. पोफळीच्या कोवळ्या रोपाला केळीची सावली लागते. नैर्ऋत्येकडच्या उन्हाने पोफळीचे खोड करपते, म्हणून दक्षिण-पश्चिम कडेला उंच झाडे राखतात. वाढलेली पोफळ मिरवेलीला खांदा देते. माडाच्या अर्धसावलीत जायफळ पोसते. तळाशी हळद, आले, सुरण आणि अननस नांदतात. साडेसात मीटर अंतरावर लावलेल्या माडाची बहुतेक मुळे बुंध्याभोवतीच्या दोन मीटरांत असतात. म्हणजे जमिनीचा जेमतेम चौथा हिस्सा त्याच्या कामी येतो. उरलेल्या जागेचा उपयोग कसा करावा, याचा कासरगोडच्या केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेने दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उघड्या उतारावरची माती त्या माऱ्यात टिकत नाही. पाल्याने झाकलेली टिकते. शिवाय बाजाराचा लहरीपणा आहेच. सुपारी कर्करोगास कारण ठरते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिला. अशा एकाच पिकावर सारा संसार टांगणे शहाणपणाचे आहे काय?

अर्थात झाडे जवळ लावली की सहकार आपोआप होतो, असेही नाही. अवाजवी दाटीत हवा कोंडते, ओल साचते आणि पावसाळ्यात पोफळीचा कोळेरोग बळावतो. कुठली फांदी छाटावी, कुठला पाट मोकळा करावा, हे जाणणारा माणूस हाही या श्रेणीचा घटक आहे. आज नेमका तोच दुर्मीळ होत आहे. पाडेली मिळत नाहीत, वारस शहरांत स्थिरावले आहेत आणि वाटण्या होऊन कुळागरांचे तुकडे पडत आहेत.

कडेचा तुकडा विकला गेला व तेथील झाडे पडली की, आतल्या पोफळी उन्हाने करपतात. वरचा डोंगर कापला की झर आटते आणि पाट कोरडा पडतो. हे नुकसान तोडलेल्या झाडांच्या मोजणीत कधीच येत नाही. म्हणून भरपाई ठरविताना वा डोंगरावरील कामास परवानगी देताना झाडांच्या संख्येबरोबर त्यांचे परस्परसंबंधही विचारात घेतले जावेत, अशी आमची मागणी आहे. कुळागरवाल्यांनीही वाटणी करताना जमीन वाटावी, पाट आणि कडेची झाडे मात्र सामाईक राखावीत. घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर तरुणांनी एक पावसाळा त्यांच्याबरोबर बागेत काढावा. त्यांच्यामागे ही विद्या सांगणारा कुणी उरेलच, याची हमी नाही.