बुडत्या जहाजावरची दोन पिल्लं

चेसापीक बे रिट्रीव्हर हा अमेरिकेतल्या मेरीलँडचा कुत्रा. १९६४पासून त्या राज्याचा अधिकृत श्वान. त्याचं मूळ मात्र न्यूफाउंडलंडचं. तिथून इंग्लंडला निघालेलं एक जहाज १८०७मध्ये भर समुद्रात बुडू लागलं. ‘कँटन’ या अमेरिकी जहाजाने माणसांबरोबर दोन पिल्लंही वाचवली. मळकट तांबड्या नराचं नाव ‘सेलर’ पडलं, काळ्या मादीला वाचवणाऱ्या जहाजाचंच नाव मिळालं. गंमत अशी, की ही दोघं मेरीलँडमधल्या चेसापीक उपसागराच्या दोन वेगळ्या काठांवर वाढली. त्यांचा वंश तिथल्या शिकारी कुत्र्यांत मिसळत गेला आणि एक नवी जात घडली.

काम एकच: बंदुकीने टिपलेली बदकं गारठलेल्या पाण्यातून उचलून आणायची. त्यासाठीच जणू याचं अंग बेतलेलं. वरचे केस आखूड आणि राठ, आतले लोकरीसारखे दाट, त्यांवर अंगचंच तेल. पाणी आत मुरत नाही. एकदा अंग झटकलं, की स्वारी जवळजवळ कोरडी! म्हणून याला वरचेवर शाम्पू लावणं म्हणजे रेनकोट धुऊन खराब करणं. पंजांच्या बोटांमध्ये पडदे, डोळे मधाळ पिवळे, रंग तपकिरी किंवा वाळल्या गवतासारखा, म्हणजे लव्हाळ्यात सहज लपणारा.

लॅब्राडोरसारखा हा आल्यागेल्याचा सोयरा नव्हे. परक्याला आधी जोखतो, मालकाची नाव राखतो आणि हट्टाला पेटला तर ऐकत नाही. खूश झाला, की काही जण चक्क दात दाखवून ‘हसतात’. पाहुण्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.