फेफऱ्याच्या रोग्यासाठी मेंदूचे 'माती परीक्षण'

बांधावरून पाहिले तर सगळे शेत सारखेच दिसते. पण एका कोपऱ्यातले पीक दरसाल पिवळे का पडते, हे माती परीक्षणाशिवाय कळत नाही. फेफऱ्याच्या काही रोग्यांचेही तसेच आहे.

फेफरे, मिरगी किंवा फिट ही बाहेरची बाधा नव्हे. मेंदूच्या पेशींतून विजेचे संदेश एकाएकी बेसुमार सुटतात आणि माणूस कोसळतो. दहापैकी सुमारे सात रोग्यांचे झटके नियमित गोळ्यांनी थांबू शकतात. उरलेल्यांपैकी काहींचे झटके मेंदूच्या एकाच लहान भागातून उठतात. तो भाग नक्की सापडला तर शस्त्रक्रिया करता येते. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत 1995 पासून अशा शस्त्रक्रिया होत आहेत.

एम.आर.आय. यंत्र मेंदूचे चित्र काढते. पण कधी कधी चित्रात दोष दिसतच नाही. अशा वेळी त्याच यंत्रावर 'स्पेक्ट्रोस्कोपी' करतात. ही तपासणी मेंदूच्या ठराविक जागेतली रसायने मोजते. 'एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट' हे रसायन मुख्यतः मेंदूच्या चेतापेशींत असते. जिथे ते कमी भरते, तिथल्या पेशी बिघडलेल्या किंवा घटलेल्या असतात. दोष डाव्या कानशिलाच्या आत आहे की उजव्या, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. यात क्ष-किरण नसतात. मात्र शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असेल तर आधीच सांगा.

पण ही तपासणी सर्वांना लागत नाही, आणि नुसत्या तिच्यावर निर्णयही होत नाही. तेव्हा पहिल्याच झटक्याला जमीन गहाण टाकून शहर गाठू नका. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका. दोन योग्य औषधे पुरेशी घेऊनही झटके राहिले, तर मोठ्या दवाखान्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी मागा.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनाही विनंती. झटका आलेल्याला कांदा-चप्पल हुंगवणारी गर्दी हटवा. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तडक दवाखान्यात न्या. आणि कोणता हात आधी हलला, झटका किती वेळ टिकला, हे लिहून ठेवा. कितीही महागडे यंत्र असो, डॉक्टर आधी हेच विचारतात.